कथक: सातव्या वर्षी की चाळिशीत?

सातव्या वर्षी आईने क्लासला घातलं तेव्हा तत्कार, म्हणजे पायांचे मूळ बोल, पायात बसायला महिनाभर पुरला. ‘ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्’ काय चाललंय हे न कळताच पाय पडत. तीनतालाच्या सोळा मात्रा, नवव्या मात्रेवरची खाली (टाळी न देण्याची जागा), सगळं पाढ्यांसारखं पाठ. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या ‘प्रारंभिक’ ते ‘विशारद पूर्ण’ अशा सात परीक्षांपैकी मी तीन दिल्या आणि दहावीचं कारण पुढे करून सोडलं. खरं तर कंटाळा आला होता.

चाळिशीत परत गेले तर बाजी उलटलेली. डोक्याला समेची, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेची, वाट आधीच कळते, पण टाच आपटली की गुडघा कुरकुरतो. पाच चकरा घेतल्यावर भिंत शोधावी लागते. घुंगरं निम्मीच बांधते. शेजारची नऊ वर्षांची मुलगी तोच तुकडा (बोलांवरची छोटी रचना) दोनदा बघून उचलते. मला तो मोबाइलवर रेकॉर्ड करून, कुकरच्या शिट्ट्यांमध्ये घोटावा लागतो.

अभिनयात मात्र ती मागे. यशोदेची धास्ती तिला शिकवावी लागते, मला नाही. मुलांना लवकर घालाच, पण मला विचाराल तर दुसरी खेप जास्त आवडली. या वेळी फी माझी मीच भरते.