विमानतळावरची स्मोकिंग रूम आणि गच्ची: एकाच टर्मिनलमधल्या दोन सोयी

स्मोकिंग रूम: ५ पैकी १
उघडी गच्ची: ५ पैकी ४

माझं काम इमारतींच्या एसीच्या डक्टचं. त्यामुळे विमान बदलायला थांबलो तेव्हा टर्मिनलमधली काचेची स्मोकिंग रूम मी बारकाईने पाहिली. सोबत थोरला भाऊ होता, तो सिगारेट ओढतो. बायकोला दमा आहे. दोघांचीही नीट सोय व्हावी असं मला मनापासून वाटतं.

खोली दिसायला चकाचक आहे. छताला एक्झॉस्टच्या जाळ्या, भिंतीलगत फिल्टरची यंत्रं, आपोआप सरकणारं दार. पण अशा खोलीची परीक्षा दारात होते. एक्झॉस्टचा पंखा दमदार असेल तर दार उघडल्यावर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि धूर आतच राहतो. जपानने २०२० पासून लागू केलेल्या नियमांत तर दाराशी हवा सेकंदाला किमान ०.२ मीटर वेगाने आत जायला हवी, असं आकड्यातच लिहिलंय. मी टिश्यू पेपरची पातळ पट्टी दारापाशी धरून पाहिली. दार सरकलं की ती बाहेर, बाकड्यांच्या दिशेने फडफडायची. बायको तोवर तिथून उठून पार टोकाला जाऊन बसली होती.

‘फिल्टर आहेत ना,’ असं तिथल्या कर्मचाऱ्याने सांगितलं. चांगला हेपा फिल्टर (अगदी बारीक कण अडवणारा) धुराचे कण पकडतो हे खरं, पण कार्बन मोनॉक्साइड त्यातून सरळ पार होतो, आणि यंत्र तीच हवा पुन्हा खोलीत सोडतं. वेगळी खोली, फिल्टर, पंखे यांनी दुसऱ्याच्या धुराचा धोका पूर्ण टळत नाही, असं अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या (तिथल्या सरकारच्या सार्वजनिक आरोग्याच्या मुख्य प्रवक्त्याच्या) अहवालाने २००६ मध्येच सांगितलंय.

दादा आत गेला आणि अर्धी सिगारेट विझवून बाहेर आला. ‘अरे, आत श्वास घेववत नाही, डोळे चुरचुरतात,’ म्हणाला. बरोबरच आहे, तो फक्त स्वतःची सिगारेट ओढत नव्हता, आतल्या सगळ्यांची ओढत होता.

मला सगळ्यात जास्त राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. खोली भरलेली असताना एक सफाई कामगार बाई नाकाला रुमाल बांधून राखेची भांडी रिकामी करायला आत गेल्या. ओढणारे आपल्या मर्जीने आत जातात, न ओढणारे लांब बसू शकतात. या बाईंना मात्र ड्युटी आहे म्हणून जावंच लागतं. आयर्लंडने मार्च २००४ मध्ये कामाच्या बंदिस्त जागांत धूम्रपान बंद केलं, ते अशाच लोकांच्या आरोग्यासाठी.

आता गच्ची. मुलांच्या खेळायच्या जागेमागच्या कॉरिडॉरने सरळ गेलं की दोन दारं लागतात आणि मध्ये छोटी मोकळी खोली. एक दार बंद झाल्यावरच दुसरं उघडतं. बाहेर राखेची भांडी दारापासून बरीच लांब ठेवलीत. टर्मिनलमध्ये ताजी हवा ओढणारी जाळीही मी शोधली, ती इमारतीच्या दुसऱ्या अंगाला आहे. ज्याने हे आखलं त्याला काम कळतं. कॉरिडॉरमध्ये बायको दाराशेजारी उभी राहिली, तिला कसलाच वास आला नाही. दादाने तर निवांत बाकावर बसून सिगारेट संपवली.

एक गुण कापला तो छप्पर नाही म्हणून. आम्ही असतानाच पाऊस सुरू झाला आणि काठी टेकत आलेले एक वयस्कर गृहस्थ भिजायला नको म्हणून परत त्या काचेच्या खोलीकडे वळले. ओढणाऱ्यांना बाहेर पाठवायचं तर बाहेर त्यांना उभं राहता आलं पाहिजे. शिवाय टर्मिनलभर बाण आहेत ते फक्त खोलीचे, गच्चीचा एकही नाही. आम्हालाही ती विचारत विचारत सापडली.

व्यवस्थापनाच्या अभिप्राय फॉर्ममध्ये मी हेच लिहिलंय: खोली बंद करा, गच्चीवर पत्रा टाका आणि बाण बदला. तोपर्यंत दम्याचा त्रास असणाऱ्यांनी खोलीसमोरची बाकडी टाळावीत. गच्चीवरून परत येताना पुन्हा सुरक्षा तपासणी होत नाही, त्यामुळे विमानाला थोडाच वेळ असेल तरी ओढणाऱ्यांनी तिकडेच जावं.