नवा फोन की वापरलेला लॅपटॉप?

बारावी झालेल्या भाच्याचा प्रश्न: 15 हजारांत नवा फोन घेऊ की वापरलेला लॅपटॉप?

खर्च जवळपास सारखाच. जुन्या लॅपटॉपची बॅटरी बहुधा गेलेली असते, तेवढे पैसे बाजूला ठेवावेत. लाइट सारखी जाणाऱ्या गावात फोनच तग धरतो. व्हिडिओ लेक्चर दोन्हीवर दिसतात.

खरी गोम नोकरीचे ऑनलाइन अर्ज भरताना. सही-फोटोची फाइल ठरलेल्या केबीत (म्हणजे आकारात) बसवणं फोनवर डोकेदुखीच. एक्सेल तर फोनवर शिकूच नये. लिपिक-टंकलेखक पदाला मिनिटाला मराठी 30 किंवा इंग्रजी 40 शब्दांचा वेग लागतो. तो अंगठ्यांनी येत नाही.

डिलिव्हरी किंवा फिल्डवरचं काम हवं असेल तर फोन. ऑफिस किंवा सरकारी भरती डोळ्यापुढे असेल तर लॅपटॉप. नेट घरातल्या फोनच्या हॉटस्पॉटवरून.