फ्री कटिंग बारवर वेल्डिंग: आठ महिन्यांच्या वापरानंतर

ब्राइट बारच्या दुकानात फ्री कटिंग म्हणून मिळणारा एन-वन-ए (EN1A) हा पोलादी बार लेथसाठी एकदम गोड माल. फवारणी पंपाच्या गाडीचा आस, कडबा कटरचे बुश, डवऱ्याच्या पिना, सगळं यातूनच वळवलं जातंय. लेथवर दहापैकी नऊ गुण. वेल्डिंगला तीन, तेही रॉड बदलल्यावर.

घोडं अडतं गंधकापाशी. साध्या एमएसमध्ये (माइल्ड स्टील) तो ०.०५ टक्क्याच्या आसपास किंवा कमीच, यात ०.२५ ते ०.३५. त्यामुळेच लेथवर निघणारी चिप तुटून पडते. पण वेल्ड थिजताना लोखंड आणि गंधकाचं मिश्रण दाण्यांच्या फटींत पातळच राहतं, ते गोठतं ९८८ अंशांना. तोवर भोवतालचा धातू आकसून ओढ घेतो आणि रन, म्हणजे वेल्डची ओळ, मधोमध उकलतो.

२० मिमीचा बुश ५ मिमी पट्टीवर साठ-तेराच्या (E6013) रॉडने जोडला की मळी (वेल्डवरचं कवच) झाडताच केसाएवढी रेघ दिसते, बहुतेकदा रन संपतो तिथल्या खड्ड्यापासून निघालेली. तोडून पाहिलं तर आतला भाग निळसर-काळा: म्हणजे चीर गरम असतानाच पडली. वरून दुसरा रन मारून ती बुजत नाही, खालून पुन्हा वर येते. ग्राइंडरने मुळापर्यंत काढावीच लागते.

सत्तर-अठराच्या (E7018) रॉडने बराच फरक पडतो. त्याची चुनखडीची मळी गंधक ओढून घेते. २.५ मिमी रॉड, डीसी, रॉड प्लसला, ७५-८० अँपिअर, आर्क आखूड. आर्कचा रोख पट्टीकडे जास्त ठेवायचा, म्हणजे बार कमी वितळतो आणि गंधक कमी मिसळतो. रन बारीक पण फुगीर हवा, खोलगट रन हमखास फाटतो. संपवताना झटकन उचलू नका; सेंटिमीटरभर मागे येऊन खड्डा भरा. कटिंग ऑइल आधी पुसा, नाहीतर छिद्रं पडतात.

संध्याकाळी गावात व्होल्टेज पडलं की हा रॉड चिकटतो, मग करंट वाढवायचा मोह होतो. तिथेच चीर पडते. पावसाळ्यात उघडं पाकीट म्हणजे ओला माल. ३०० ते ३५० अंशांना तासभर भाजावा लागतो, उन्हात वाळवून भागत नाही. लहान पाकीटच घ्या.

लेडेड, म्हणजे शिसं मिसळलेला फ्री कटिंग बार मात्र वेल्ड करूच नका, शिसाचा धूर अंगात जातो. दुकानदार प्रकार धड सांगत नाहीत, आणि चिपवरून सल्फरवाला की लेडेड ते कळत नाही. इतकंच कळतं की तुकडे पडले तर फ्री कटिंग, लांब गुंडाळी निघाली तर साधा एमएस. प्रकार माहीत नसलेला तुकडा लेथलाच ठेवावा.

भार घेणारा जोड, म्हणजे हूक किंवा ट्रॉलीचा आस, याला हा बार नकोच. बुश आटे पाडून किंवा प्रेस करून बसवा, वेल्डचा भाग साध्या एमएसचा ठेवा.