अमेरिकन स्पाउस व्हिसासाठी उत्पन्न कमी पडतंय? घरातला माणूस, मालमत्ता की जॉइंट स्पॉन्सर

जोडीदाराला ग्रीन कार्डवर अमेरिकेत आणण्यासाठी केलेली आय-१३० पिटिशन मंजूर होते, केस नॅशनल व्हिसा सेंटरकडे जाते आणि मग ‘अ‍ॅफिडेव्हिट ऑफ सपोर्ट’ म्हणजे फॉर्म आय-८६४ समोर येतो. येणाऱ्याला आर्थिक आधार देण्याची ही हमी, आणि ती देणारा तो स्पॉन्सर. ज्याचा पगार भरपूर आहे त्याला इथे काही अडत नाही. पण शिक्षण नुकतंच संपलेले, अर्धवेळ नोकरी करणारे, स्वतःचा छोटा धंदा असलेले किंवा काही वर्षं भारतात येऊन राहिलेले सिटिझन, म्हणजे अमेरिकन नागरिक, इथे अडकतात. आपल्याकडे अशा वेळी पहिला फोन जातो काकांना किंवा जुन्या मित्राला, ‘तुम्ही सही कराल का?’ म्हणून. माझ्या मते तो शेवटचा फोन असायला हवा. का, ते या पर्यायांची तुलना करताना कळेल.

आधी नेमकं किती लागतं ते बघू. अमेरिकन सरकार दरवर्षी दारिद्र्यरेषेचा तक्ता जाहीर करतं आणि स्पॉन्सरचं उत्पन्न त्याच्या १२५ टक्के असावं लागतं. सैन्यात प्रत्यक्ष सेवेत असलेल्याला जोडीदारासाठी १०० टक्के पुरतात. २०२५ च्या तक्त्यानुसार दोघांच्या कुटुंबाला वर्षाला २६,४३७ डॉलर, तिघांना ३३,३१२ आणि चौघांना ४०,१८७ डॉलर लागत होते; पुढची उदाहरणं याच आकड्यांवर आहेत. अलास्का आणि हवाईचे आकडे याहून जास्त आहेत. तक्ता दरवर्षी बदलतो, त्यामुळे फॉर्म भरताना जो लागू असेल तोच धरायचा.

कुटुंबात माणसं किती, इथे बरेच जण चुकतात. तुम्ही, येणारा जोडीदार, तुमची २१ वर्षांखालची अविवाहित मुलं आणि टॅक्स रिटर्नवर दाखवलेले अवलंबित एवढ्यावर मोजणी थांबत नाही. पूर्वी आय-८६४ भरून ज्यांना आणलंत आणि ज्यांच्याबद्दलची जबाबदारी अजून संपलेली नाही, तेही धरावे लागतात. आई-बाबांना आधीच ग्रीन कार्डवर आणलं असेल तर तुमचं कुटुंब दोघांचं नाही, चौघांचं होतं आणि २६ हजारांचा आकडा थेट ४० हजारांवर जातो.

पहिला पर्याय: स्वतःचंच उत्पन्न, पण नीट मांडलेलं

हे बोलायला सोपं वाटतं, पण लोक यालाच पुरेसा वेळ देत नाहीत. गेल्या वर्षीचं रिटर्न कमी दिसलं की ते हात टेकतात. नियमात मात्र मुख्य भर चालू वार्षिक उत्पन्नावर आहे. गेल्या वर्षी तुम्ही सहा महिने बेकार होतात आणि आता ३८ हजारांची नोकरी लागली आहे, तर कंपनीचं पत्र आणि अलीकडच्या सहा महिन्यांच्या पे स्टब (पगाराच्या स्लिपा) जोडून तेच उत्पन्न दाखवता येतं. शेवटच्या वर्षाचं रिटर्न जोडणं सक्तीचं आहेच, आणि आयआरएसचं, म्हणजे अमेरिकेच्या कर खात्याचं, ट्रान्सक्रिप्ट (रिटर्नचा अधिकृत उतारा) जोडलं तर काम सुटसुटीत होतं. नोकरी अगदी परवाची असेल तर अधिकारी ती टिकेल का याचा विचार करतो. थोडं थांबून दोन-चार महिन्यांच्या स्लिपा जमवून फॉर्म भरणं शहाणपणाचं.

धंदा करणाऱ्यांची अडचण वेगळी. दुकानाची किंवा ट्रकची उलाढाल लाखभर डॉलरची असली, तरी सगळे खर्च वजा जाऊन शेड्यूल-सी वर (रिटर्नमधला धंद्याच्या नफ्याचा फॉर्म) निव्वळ नफा १७ हजार दाखवला असेल, तर १०४० या मुख्य रिटर्नवरच्या एकूण उत्पन्नात तो १७ हजारच धरला जातो. टॅक्स वाचवताना केलेली काटकसर इथे आडवी येते. पुढच्या वर्षी जोडीदारासाठी अर्ज करायचा विचार असेल, तर रिटर्न भरण्याआधीच सीपीएशी (तिथल्या चार्टर्ड अकाउंटंटशी) बोलून घ्या.

भारतात राहणाऱ्या सिटिझननी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. इथला पगार तिकडे गेल्यावर बंद होणार असेल तर तो मोजला जात नाही. आणि स्पॉन्सरचं कायमचं वास्तव्य अमेरिकेत असलं पाहिजे. निदान जोडीदाराबरोबर तिथे परत स्थायिक होणार याचे पुरावे तरी हवेत: घराचा भाडेकरार, नोकरीची बोलणी, मुलांच्या शाळेची चौकशी, बँक खातं. उत्पन्न भरपूर असूनही या एका कारणावरून केस अडकते.

येणाऱ्या जोडीदाराची भारतातली नोकरी धरता येत नाही, कारण ती सुटणार. तोच उत्पन्नाचा स्रोत ग्रीन कार्डनंतरही चालू राहणार असेल तरच ते मोजतात. अमेरिकेतल्या नोकरीची ऑफरही या फॉर्मच्या हिशोबात बसत नाही.

दुसरा आणि तिसरा: घरातला माणूस की मालमत्ता

आता एक उदाहरण धरू. नवरा अमेरिकन सिटिझन, न्यू जर्सीत राहतो, वर्षाला २० हजार डॉलर मिळवतो, मुलं नाहीत. बायको नाशिकला आहे. लागतात २६,४३७, कमी पडतात ६,४३७.

एकाच घरात राहणारा नातेवाईक आय-८६४ए हा जोडफॉर्म भरून आपलं उत्पन्न जोडू शकतो. स्पॉन्सरचे आई-वडील, भाऊ-बहीण किंवा सज्ञान मुलगा-मुलगी यात बसतात. बऱ्याच मराठी घरांना माहीत नसलेली गोष्ट अशी, की हा माणूस सिटिझन किंवा ग्रीन कार्डधारक असण्याची अट नाही. आपल्या उदाहरणातला नवरा एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्या सख्ख्या भावाबरोबर राहत असेल, तर त्या भावाचा पगार चालतो. भाऊ धरल्यावर कुटुंब तिघांचं होतं आणि आकडा ३३,३१२ वर जातो, पण भावाच्या नोकरीत तो सहज भरून निघतो. अट एकच, पत्ता खरोखर एक हवा: भाडेकरारावर दोघांची नावं, ड्रायव्हिंग लायसन्स, विजेची बिलं. फक्त रूममेट असलेला मित्र या वाटेने चालत नाही. भाऊ दुसऱ्या शहरात राहत असेल तरीही नाही.

मालमत्तेचं गणित वेगळं आहे. स्पॉन्सर सिटिझन असेल आणि जोडीदारासाठी अर्ज असेल, तर कमी पडणाऱ्या रकमेच्या तिप्पट मालमत्ता दाखवायची. ६,४३७ गुणिले तीन म्हणजे १९,३११ डॉलर. स्पॉन्सर ग्रीन कार्डधारक असेल तर पाचपट, म्हणजे ३२,१८५. ग्रीन कार्डधारकाच्या जोडीदाराची केस व्हिसाच्या रांगेत असतानाच तो स्पॉन्सर सिटिझन झाला, तर रांगही जाते आणि पाचाचे तीन होतात. नागरिकत्वाची मुदत जवळ आली असेल तर हा हिशोब करूनच ठरवा.

ही मालमत्ता बायकोची असली तरी चालते, आणि त्यासाठी वेगळा आय-८६४ए लागत नाही. नाशिकमधल्या तिच्या बँकेतली एफडी, म्युच्युअल फंड, तिच्या नावावरचा फ्लॅट हे सगळं धरता येतं. पण दोन चाळण्या आहेत. मालमत्ता वर्षभरात रोख करता आली पाहिजे आणि ती रक्कम देशाबाहेर नेता आली पाहिजे. दुसरी चाळणी भारतातल्या पैशाला सहसा आडवी येत नाही, कारण रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस (परदेशी पैसे पाठवण्याच्या) योजनेत निवासी भारतीयाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर पाठवता येतात. खरी कसोटी पहिली.

गावाकडची जमीन घ्या. कागदावर तिची किंमत कोटीत असते. पण सातबारावर चार भावंडांची नावं असतात, वाटणी झालेली नसते, आणि महाराष्ट्रात शेतजमीन सहसा शेतकऱ्यालाच विकता येते. ती वर्षभरात विकून आपला हिस्सा हाती येईल, हे अधिकाऱ्याला पटवणं अवघड. पीपीएफ मुदतीच्या आत सहसा पूर्ण काढता येत नाही. दागिने असतात, पण फक्त त्यांच्यावर केस उभी करू नये. त्यामानाने एकट्याच्या नावाचा, कर्ज फिटलेला फ्लॅट भक्कम, कारण त्यात बाजारभावातून कर्जाची बाकी वजा करून उरलेली रक्कम धरतात. सगळ्यात भक्कम म्हणजे एफडी आणि बचत खातं, बारा महिन्यांच्या स्टेटमेंटसह. गेल्या महिन्यात कुणी तरी २० लाख टाकले आणि मुलाखतीनंतर ते परत जाणार आहेत, असा व्यवहार स्टेटमेंटवर लगेच नजरेत येतो. आणि तो खरा नाही, त्यामुळे करूच नये.

दोन्हींतून एक निवडायचं तर? तफावत पाच-दहा हजारांची असेल आणि बचत खरी असेल तर मी मालमत्ता घेईन. कुणावर ओझं पडत नाही, घरातलं घरात भागतं. मात्र उत्पन्न शून्याच्या आसपास असेल तर तिप्पटीचा आकडा ७९,३११ पर्यंत जातो. एवढी रक्कम दाखवण्यापेक्षा एकाच घरात राहणारा कमावता भाऊ असेल तर तीच वाट सोपी. पण भावालाही सही करताना त्याचा अर्थ माहीत हवा, कारण आय-८६४ए वरही जबाबदारी येतेच.

चौथा: जॉइंट स्पॉन्सर

हा पर्याय सगळ्यात मजबूत आहे आणि सगळ्यात जड. जॉइंट स्पॉन्सर सिटिझन किंवा ग्रीन कार्डधारक, १८ वर्षांवरचा आणि अमेरिकेत राहणारा हवा. तो नात्यातला नसला तरी चालतं, दुसऱ्या राज्यात राहिला तरी चालतं. एच-१बी वाला भाऊ जिथे चालत नाही, तिथे कॅलिफोर्नियातला सिटिझन मित्र चालतो, आणि जिथे मित्र चालत नाही, तिथे घरातला भाऊ चालतो. कुणाला विचारायचं ते या एका फरकावरून ठरवा.

इथे तुमचं उत्पन्न आणि त्याचं उत्पन्न एकत्र मिळवता येत नाही. त्याने एकट्याने पूर्ण अट भागवली पाहिजे, तीही स्वतःचं कुटुंब अधिक तुमचा जोडीदार असं मोजून. काका, काकू आणि त्यांची दोन लहान मुलं असतील तर तुमच्या बायकोसकट पाच जण होतात, म्हणजे २०२५ च्या तक्त्यानुसार ४७,०६२ डॉलर. काकांनी पूर्वी कुणाला स्पॉन्सर केलं असेल तर तेही धरायचे. आणि काकांनी सही केली म्हणून तुमची सुटका नाही. पिटिशनर, म्हणजे मूळ अर्ज करणारा, या नात्याने तुमचा आय-८६४ भरावाच लागतो, उत्पन्न शून्य असलं तरी.

आता जड भाग. ही सही म्हणजे अमेरिकन सरकारशी केलेला, कोर्टात लागू होणारा करार आहे. आलेल्या व्यक्तीने फूड स्टॅम्प (अन्नासाठी), मेडिकेड (उपचारांसाठी), एसएसआय (वृद्ध-अपंगांसाठी) यांसारखी गरिबांसाठीची मदत घेतली तर सरकार ती रक्कम स्पॉन्सरकडून मागू शकतं. आलेली व्यक्तीही आधारासाठी दावा लावू शकते. घटस्फोटाने हे संपत नाही. ती व्यक्ती सिटिझन झाली, तिच्या सोशल सिक्युरिटी खात्यात कामाच्या ४० तिमाह्या जमा झाल्या, ती ग्रीन कार्ड सोडून कायमची परत गेली किंवा वारली, तर संपतं. एका वर्षात जास्तीत जास्त चार तिमाह्या धरतात, म्हणजे एकट्याच्या कामाने निदान दहा वर्षं. लग्नाच्या काळातल्या जोडीदाराच्या तिमाह्याही त्यात धरता येतात.

सिटिझनच्या जोडीदाराला एकत्र राहत असल्यास ग्रीन कार्डनंतर तीन वर्षांनी नागरिकत्वाचा अर्ज करता येतो. तो केला तर काकांचं ओझं लवकर उतरतं. पण भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, पासपोर्ट सोडून ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड) घ्यावं लागतं, आणि आपल्याकडे अनेक जण याच कारणाने वर्षानुवर्षं ग्रीन कार्डवरच राहतात. तो निर्णय पूर्णपणे तुमचा असतो, पण तोवर काकांची सही अडकलेली असते. काका पुढे स्वतःच्या मुलांना किंवा जावयाला स्पॉन्सर करतील, तेव्हा तुमचा जोडीदार काकांच्या कुटुंबसंख्येत धरला जातो.

म्हणून विचारायचं असेल तर फोनवर ‘एक सही हवी होती’ असं म्हणू नका. फॉर्ममधला कराराचा भाग त्यांना आधी वाचायला द्या, तुमचा नागरिकत्वाचा विचार काय आहे ते मोकळेपणाने सांगा, आणि टॅक्स रिटर्न, डब्ल्यू-२ (कंपनीने दिलेला वर्षाच्या पगाराचा दाखला), पासपोर्टची प्रत एवढं त्यांना द्यावं लागेल हेही सांगा. घरातल्या माणसाला आपला पगार दाखवणं बऱ्याच काकांना सहीपेक्षा कठीण जातं. काकूंनाही त्या बोलण्यात बसवा. त्यांचं रिटर्न बहुधा एकत्रच असतं.

हो म्हणणाऱ्याला मन बदलायचा अधिकार आहे, पण जोडीदाराला व्हिसा मिळेपर्यंतच. नंतर सही मागे घेता येत नाही.

काठावर असाल तर

उत्पन्न आकड्याच्या जेमतेम वर असेल, तर कायद्याने ते पुरतं. पण कॉन्सुलर अधिकारी अर्जदाराचं वय, तब्येत, शिक्षण, कौशल्य हे सगळं मिळून बघतो. अशा वेळी जॉइंट स्पॉन्सरऐवजी बचतीचे कागद पूरक म्हणून जोडावेत असं मला वाटतं. मुंबईच्या वाणिज्य दूतावासात मुलाखतीनंतर २२१(जी) चा, म्हणजे व्हिसा तूर्त रोखल्याचा, कागद हातात पडला आणि त्यात जास्तीचा आधार मागितला, तरी केस बुडत नाही. मागितलेले कागद एका वर्षाच्या आत द्यायचे असतात, आणि जॉइंट स्पॉन्सर तेव्हाही आणता येतो. मात्र ते वर्ष काहीच न करता गेलं तर व्हिसासाठी नव्याने अर्ज आणि नव्याने फी. त्यामुळे मुलाखतीला जातानाच, आपल्यासाठी सही करायला तयार असलेल्या माणसाने गेल्या वर्षीचं रिटर्न भरलेलं आहे का, एवढं विचारून ठेवा.