न्यूट्रॉन मोजणीसाठी सिलिकॉन संवेदक की फोटोमल्टिप्लायर नळी?

इंदूरच्या आमच्या प्रयोगशाळेत ऑरगॅनिक सिंटिलेटरच्या (न्यूट्रॉन आदळला की प्रकाशाची चमक देणाऱ्या सेंद्रिय पदार्थाच्या) मागे ती चमक टिपण्यासाठी मी सिलिकॉन संवेदक (प्रकाश टिपणारी चिप) आणि फोटोमल्टिप्लायर नळी (प्रकाशाचे विजेच्या स्पंदात रूपांतर करून ते वाढवणारी निर्वात नळी) हे दोन्ही पर्याय लावून पाहिले आहेत. आकार, किंमत आणि गेन (संकेत किती पटीने वाढतो ते) यांचे तक्ते निवड करणाऱ्याच्या हाताशी असतातच, म्हणून त्यांत शिरत नाही.

सिलिकॉनच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. नळीला हजार व्होल्टच्या आसपासचा पुरवठा आणि चुंबकीय क्षेत्रापासून वाचवणारे म्यू-मेटलचे कवच लागते. सिलिकॉन संवेदक साधारण ३० ते ६० व्होल्टवर चालतो आणि चुंबकाजवळही बिनतक्रार काम करतो. ध्रुव अणुभट्टीवरील मोजणीसाठी अवंतिका एक्सप्रेसने मुंबईला जाताना हा फरक सामानातच जाणवतो.

तरीही माझा कौल नळीकडे गेला तो डार्क काउंटमुळे, म्हणजे प्रकाश नसतानाही संवेदकाने केलेल्या खोट्या नोंदींमुळे. सिलिकॉनचा अणू स्फटिकातील जागेवरून हलवण्यास सुमारे २५ इलेक्ट्रॉनव्होल्ट पुरतात, आणि १० लाख इलेक्ट्रॉनव्होल्टचा न्यूट्रॉन एका धडकेत त्याला १,३०,००० पर्यंत देऊ शकतो. त्यामुळे एका धडकेमागे शेकडो अणू विस्थापित होतात. अशा प्रत्येक दोषाजवळ निव्वळ उष्णतेने इलेक्ट्रॉन सुटत राहतात आणि गायगर अवस्थेतील (एकाच इलेक्ट्रॉनने विजेचा पूर्ण लोंढा सुरू होतो अशा) संवेदक त्यांची नोंद हुबेहूब फोटॉनसारखी करतो. एक क्युरीचा अमेरिसियम-बेरिलियम स्रोत सेकंदाला सुमारे २० लाख न्यूट्रॉन देतो, म्हणजे १० सेंटिमीटरवर आठवडाभरात प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर जवळजवळ १०० कोटी न्यूट्रॉन पडतात. खोलीच्या तापमानाला एकेक फोटॉन वेगळा ओळखण्याची क्षमता साधारण याच टप्प्यापासून ढासळू लागते.

मला खरा त्रास झाला तो थ्रेशोल्डचा, म्हणजे ज्या मर्यादेखालची स्पंदे मोजलीच जात नाहीत तिचा. गोंगाट वाढेल तसा थ्रेशोल्ड वर न्यावा लागतो, आणि कमी ऊर्जेचे न्यूट्रॉन, ज्यांच्यासाठी प्रयोग मांडलेला असतो, तेच नोंदीतून गळतात. स्पंदाच्या शेपटीवरून, म्हणजे ते किती हळू ओसरते त्यावरून, न्यूट्रॉन आणि गॅमा वेगळे करणेही याच खालच्या टोकाला आधी बिघडते. संवेदक ८ ते १० अंशांनी थंड केला की गोंगाट निम्म्यावर येतो हे खरे, पण इंदूरच्या पावसाळ्यात संवेदकाच्या थंड झालेल्या काचेवर दव धरते. शिवाय एनीलिंगमुळे (स्फटिकातील दोष उष्णतेने हळूहळू भरून येण्यामुळे) नुकसान काही प्रमाणात आपोआप भरून निघते, आणि दिवाळीच्या सुटीनंतर तोच संवेदक निराळ्या गोंगाटासह हाती येतो. मग सुटीपूर्वीच्या आणि नंतरच्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहणे अवघड जाते.

नळी निर्दोष आहे असे मी म्हणणार नाही. गॅमा किरणांनी तिची काच काळवंडते आणि गेन सरकत राहतो. मात्र हा सरकाव सीझियम-१३७ च्या ४७७ हजार इलेक्ट्रॉनव्होल्टवरील कॉम्प्टन कडेवरून (गॅमा किरण एका धडकेत इलेक्ट्रॉनला देऊ शकतो त्या कमाल ऊर्जेच्या खुणेवरून) मोजून दुरुस्त करता येतो, तर थ्रेशोल्डखाली बुडालेला न्यूट्रॉन कोणत्याही दुरुस्तीने परत येत नाही. माझ्या दृष्टीने हाच फरक निर्णायक आहे.

औष्णिक, म्हणजे अतिमंद, न्यूट्रॉनांच्या शलाकेवर लिथियम-६ ची काच (असे न्यूट्रॉन पकडून चमक देणारा सिंटिलेटर) वापरणाऱ्यांनी माझे मत थोडे सैल करून घ्यावे. ते मंद न्यूट्रॉन अणूला धडकेने ढकलू शकत नाहीत. सिलिकॉनमध्ये मिसळलेले बोरॉन-१० त्यांना पकडून अल्फा कण सोडते, तेवढा धोका उरतो. शीघ्र (वेगवान) न्यूट्रॉनांच्या स्रोतापासून एक मीटर दूर बसता येत असेल तर तोच मारा जमायला जवळपास दोन वर्षे लागतात, आणि तेथे मीही सिलिकॉनच घेईन. स्रोताला खेटून मोजायचे असेल, तर मला नळी अधिक भरवशाची वाटते.