पालिकेची मराठी शाळा, पालिकेची सीबीएसई शाळा की आरटीईची जागा? मुंबईत पहिलीचा प्रवेश घेताना

रिक्षा, वॉचमनची नोकरी, घरकाम किंवा छोटं दुकान यांवर चालणाऱ्या मुंबईतल्या घरात मूल पाच-सहा वर्षांचं झालं की तीन पर्याय समोर येतात. जवळची महापालिकेची मराठी शाळा, ‘मुंबई पब्लिक स्कूल’ नावाने पालिकेनेच काढलेली सीबीएसईची, म्हणजे केंद्रीय बोर्डाची इंग्रजी शाळा, किंवा शिक्षण हक्क कायद्याने (आरटीई) मागास आणि गरीब घरातल्या मुलांसाठी राखलेल्या पंचवीस टक्क्यांतून खासगी शाळेत मिळणारी जागा. गल्लीतली स्वस्त इंग्रजी शाळा हा चौथा पर्याय धरला जातो, पण तिथे आधी शासनमान्यतेचा कागद बघा आणि मग बाकीचं बोला.

आधी आरटीई घेतो, कारण त्यात आपल्या हातात सगळ्यात कमी असतं. अर्ज ऑनलाइन, निवड राज्यभराच्या एकाच सोडतीतून. मागास प्रवर्गातल्या मुलांना उत्पन्नाची अट नाही. खुल्या प्रवर्गाला आहे, आणि ती आहे वर्षाला एक लाखाच्या आत. म्हणजे महिन्याला साडेआठ हजारही नाहीत. मुंबईत एवढ्यात खोलीचं भाडं सुटत नाही, त्यामुळे खुल्या प्रवर्गातल्या घराने खरा उत्पन्नाचा दाखला काढला की अर्ज बहुधा तिथेच संपतो. खोटा काढण्याच्या भानगडीत पडू नका, पडताळणीत प्रवेश जातो.

दुसरी अडचण राहत्या घराच्या पुराव्याची. भाड्याने राहत असाल तर नोंदणी केलेला भाडेकरार लागतो, आणि झोपडपट्टीत कुठला घरमालक करार नोंदवून देतो? त्यात अर्ज भरताना नकाशावरची खूण चुकीच्या गल्लीत पडली, तर शाळा दिसते एक किलोमीटरच्या आत आणि पडताळणीत निघते बाहेर. खूण आपल्या दारावरच पडली आहे ना, हे सायबर कॅफेवाल्यावर न सोडता स्वतः बघा.

तिसरी गोष्ट, अल्पसंख्याक दर्जाच्या शाळांना हे आरक्षण लागू नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये ते स्पष्ट केलं. ज्या कॉन्व्हेंटचं नाव मनात धरून अर्ज भरायला बसता, ती बऱ्याचदा यादीत नसतेच.

नंबर लागला तर मात्र फी माफ होते आणि शाळेची इमारत, मैदान, वाचनालय सगळं मिळतं. हा फायदा मोठा आहे, कमी लेखू नका. पण गणवेश, पुस्तकं, बस, सहल, स्नेहसंमेलनाचा ड्रेस यांचे पैसे अनेक ठिकाणी पालकांकडूनच घेतले जातात. दुपारची खिचडीही खासगी विनाअनुदानित शाळेत नाही. आणि धोरणाचा भरवसा धरू नका. फेब्रुवारी 2024 मध्ये राज्य सरकारने नियमच बदलला. सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल, तर खासगी शाळेला या जागांतून सूट दिली. मुंबई उच्च न्यायालयाने आधी स्थगिती दिली आणि जुलैमध्ये बदल रद्दच केला. तोवर शाळा सुरू होऊन महिना उलटला होता आणि पालक निकालाची वाट बघत घरी बसले होते.

आता पालिकेच्या सीबीएसई शाळा. 2020 मध्ये जोगेश्वरीच्या पूनमनगरात पहिली सुरू झाली, पुढच्या वर्षी आणखी निघाल्या. जागांपेक्षा अर्ज जास्त आले आणि इथेही सोडत काढावी लागली. वर्षानुवर्षं ‘पालिकेच्या शाळेत कोण घालतं’ म्हणणारे लोक रांगेत उभे राहिले. म्हणजे लोकांचा राग पालिकेवर नव्हता, त्यांना इंग्रजी हवं होतं आणि ते फुकट मिळायला लागलं. फी नाही, पालिकेच्या 27 शालोपयोगी वस्तू मिळतात, पुस्तकं केंद्राच्या एनसीईआरटी संस्थेची. उत्पन्नाचा दाखला किंवा जातीचा कागद नसल्यामुळे अडत नाही. कागदावर तिघांत हीच शाळा सरस वाटते.

माझी शंका घरी काय होतं याबद्दल आहे. अशा शाळेतल्या दुसरीतल्या मुलांच्या वह्या मी बघतो. अक्षर मोत्यासारखं, प्रश्नाखाली उत्तर, उत्तराखाली बाईंची लाल बरोबरची खूण. ‘याचा अर्थ काय रे?’ विचारलं की मूल आईकडे बघतं आणि आई वहीकडे. उत्तर फळ्यावरून उतरवलेलं असतं. घरात इंग्रजी वाचून समजावणारं कोणी असेल, मोठी बहीण, काका, शेजारची कॉलेजातली मुलगी, तर ही शाळा उत्तम. कोणी नसेल तर तिसरीत शिकवणी लागते, आणि फुकट शाळेचा हिशोब तिथे फिरतो.

मराठी शाळेत हे होत नाही, तिथे वेगळं होतं. मूल धडा समजून वाचतं, गोष्ट सांगतं, शंका विचारतं. पण वर्गात शिक्षक नसेल तर चौथीतल्या मुलालाही हातच्याची वजाबाकी येत नाही. पालिका शाळा चालवते आठ माध्यमांत, आणि मराठीचे पट घसरत गेले आहेत. पट घसरला की तुकड्या जोडल्या जातात, शिक्षक दुसरीकडे पाठवले जातात, मग उरलेले पालकही मूल काढतात. उरलेल्या शिक्षकांनाही निवडणूक आणि जनगणनेची कामं लागतात, कायदाच तशी मुभा देतो. मतदार याद्यांच्या हंगामात शाळेत जाऊन बघा, एकच बाई दोन वर्ग सांभाळताना सापडेल. नवीन बोर्डांच्या शाळांच्या उद्घाटनाला जेवढी माणसं जमली, त्यातली निम्मी जरी या वर्गांसाठी जमली असती तर आज हा लेख लिहायची गरज नव्हती. असो.

काही मराठी शाळांत सेमी इंग्रजी आहे, म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकी मराठीतून. मला स्वतःला हा मधला मार्ग सर्वात पटतो, पण आधी त्या विषयाच्या शिक्षकाला भेटा. तो स्वतः इंग्रजीत शिकवू शकतो का, हे पाच मिनिटांच्या बोलण्यात कळतं.

एक मुद्दा पालक पहिलीला विचारत नाहीत आणि आठवीला रडतात. शिक्षण हक्काचं मोफत शिक्षण आठवीपर्यंतच आहे. नववीला खासगी शाळा पूर्ण फी मागू शकते, आणि आठ वर्षं तिथे शिकलेलं मूल दहावीच्या तोंडावर मित्र सोडून दुसऱ्या शाळेत, बहुधा दुसऱ्या बोर्डात जातं. आरटीई घेणार असाल तर त्या शाळेची नववीची फी आजच विचारा आणि तेवढे पैसे तेव्हा जमतील का याचा विचार करा. पालिकेच्या मराठी शाळांतही कित्येक सातवी-आठवीला संपतात. पुढे पालिकेचीच माध्यमिक शाळा किंवा जवळची अनुदानित शाळा घ्यावी लागते, पण तिथे फीचा डोंगर नसतो.

आणखी एक फरक फार थोड्यांना माहीत असतो. सरकारी आणि अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असावीच लागते, तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि एकूण निम्म्या महिला. शिक्षक नाहीत, संडासाला पाणी नाही, खिचडीत अळ्या निघाल्या, हे विचारायचा अधिकार कागदोपत्री तुमचा आहे. खासगी विनाअनुदानित शाळेत अशी समिती नाही. आरटीईतून आलेला पालक तिथे तोंड उघडायला कचरतो, हे मी बघतो.

मग काय निवडायचं? जवळच्या मराठी शाळेत पहिली ते चौथीला वर्गागणिक शिक्षक असतील, सेमी इंग्रजी असेल आणि दहावीपर्यंतची सोय पायी पोचण्याइतकी जवळ असेल, तर मी मूल तिथे घालीन आणि समितीत नाव देईन. घरात इंग्रजी समजावणारं माणूस असेल तर पालिकेची सीबीएसई. दोन्ही नसेल, मराठी शाळेत शिक्षकच नसतील आणि मागास प्रवर्गाचे कागद तयार असतील, तर आरटीई, पण नववीचा हिशोब करून.

आरटीईचा अर्ज भरून निकालाची वाट बघत मूल घरी बसवू नका. पालिकेच्या शाळेत नाव घालून ठेवा. नंतर नंबर लागला तर मुख्याध्यापकाकडे शाळा सोडल्याचा दाखला मागा.