चोथ्यातून ‘नऊ टक्के कर्क्युमिन’ काढणारं मशीन

आयुर्वेदिक काढेवाले आणि हळद-मसाल्याची छोटी युनिटं गाठून सध्या एक मशीन विकलं जातंय. ‘चोथ्यातलं कर्क्युमिन (हळदीला पिवळा रंग देणारा घटक) काढा, आम्हीच परत घेतो’ अशी ऑफर असते. आमचे त्यात सव्वाचार लाख गेले, म्हणून सविस्तर लिहितोय.

सांगलीजवळ आमचं काढ्यांचं युनिट आहे. हळदीचा काढा गाळल्यावर उरलेला चोथा शेतकरी खताला नेतात. विक्रेता बोलला ते बरंचसं खरंच होतं. कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून काढा उकळला तरी बहुतेक चोथ्यातच राहतं. मशीन अल्ट्रासाऊंडवर चालतं, त्याचंही तसंच: २० किलोहर्ट्झच्या वरच्या ध्वनिलहरींनी द्रवात बारीक बुडबुडे होऊन फुटतात, पेशींच्या भिंती फाटतात आणि अर्क लवकर, कमी उष्णतेत उतरतो. हे कुणा तज्ज्ञाला विचारलं तर तोही मान डोलावतो, आणि याच मान डोलावण्यावर त्यांचा धंदा चालतो.

डेमो आमच्याच शेडमध्ये झाला. एक किलो वाळलेला चोथाही आमचाच. अर्क विरघळवून काढणारं द्रावक तेवढं त्यांचं, निळ्या जाड कॅनमधलं. नळी कॅनमधून थेट मशीनला. ‘इथाइल अ‍ॅसिटेट आहे, पटकन पेट घेतं, झाकण उघडू नका’, असं बजावलं; तेही खरंच. संध्याकाळी ट्रेमध्ये पिवळीधमक, कोरडी, हाताला सुटी लागणारी भुकटी. काट्यावर ९० ग्रॅम.

आता हिशेब बघा. किलोला ९० ग्रॅम म्हणजे नऊ टक्के. आपल्याकडच्या हळदीतच कर्क्युमिन साधारण तीन ते पाच टक्के असतं. काढ्यात बाकीचे घटक निघून गेल्याने चोथ्यातली टक्केवारी थोडी वाढते हे धरलं, तरी नऊ होत नाही. शिवाय पहिला अर्क असा कोरडा नसतोच. हळदीचं तेल आणि राळही सोबत उतरतात, त्यामुळे हाती येतो तो तपकिरी-नारिंगी चिकट गोळा, चमचा उचलला की तार धरणारा. भुकटी हवी तर पुढे स्फटिक पाडायची वेगळी प्रक्रिया लागते, आणि तिचा त्या मशीनमध्ये पत्ताच नव्हता.

मशीन आलं, आमच्या द्रावकावर चालवलं, तर दर वेळी तोच चिकट गोळा. डेमोतली थोडी भुकटी बाटलीत होती, ती एचपीएलसी तपासणीला दिली; तिच्यात नमुन्यातले घटक वेगवेगळे करून मोजतात. हळदीतून काढलेल्या कर्क्युमिनचा आलेख तीन शिखरं दाखवतो: एक कर्क्युमिनचं, दोन त्याच्या भाऊबंदांची. आमच्या कागदावर एकच उंच शिखर होतं. म्हणजे कारखान्यात बनवलेलं कृत्रिम कर्क्युमिन. कॅनमध्ये आधीच विरघळवून आणलेलं असणार. त्यांनी दाखवलेला लॅब रिपोर्ट स्पेक्ट्रोफोटोमीटरचा होता. ते यंत्र पिवळा रंग किती ते सांगतं, तो आला कुठून ते नाही.

परत-खरेदीच्या करारात आतल्या पानावर ओळ होती: ‘९५ टक्के शुद्धतेचाच माल स्वीकारला जाईल.’ बाजारात ९५ टक्केच चालतं हे खरं, पण या मशीनमधून ते निघणं शक्य नाही. त्यामुळे एक ग्रॅमही न घेता ते करारातून सुटतात.

तुमच्याकडे कुणी आलं तर पैसे द्यायच्या आधी चोथ्याऐवजी भाताचा कोंडा घालून, त्यांच्याच कॅनमधल्या द्रावकावर मशीन चालवायला सांगा. कोंड्यातून तशीच पिवळीधमक भुकटी आली तर पुढे बोलायची गरजच नाही. द्रावक साठवायचा परवाना कोण काढणार तेही विचारा. आमच्या वेळी त्यावर नुसतं हसून विषय बदलला. जीएसटी नंबर पोर्टलवर टाकून बघा. त्यांचा आम्ही तक्रार करेपर्यंत रद्द झाला होता.

ग्राहक आयोगात धंद्यासाठीची खरेदी सहसा बसत नाही, स्वयंरोजगाराचा अपवाद सोडून, असं वकिलांनी सांगितलं. म्हणून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ (फसवणूक) खाली पोलिसांत तक्रार दिली आहे. मशीनचा पंप तेवढा चांगला निघाला, तो आम्ही टाकीला लावला.

आता तेच माहितीपत्रक नवीन नावाने, अश्वगंधेच्या पाल्यासाठी फिरतंय असं ऐकतो. अश्वगंधेची पानं उत्पादनात वापरू नका, असं आयुष मंत्रालयाने २०२१ मध्येच उत्पादकांना कळवलेलं आहे.